आभाच्या लेन्स

नीळकंठरावांचा एक डोळा पूर्ण गेला तेव्हा त्यांची मुलगी आभा सहावीत होती. लहानपणापासून त्यांना जाड भिंगांचा चष्मा. नंबर वाढत वाढत डोळ्याच्या आतला पडदा ताणला गेला आणि शेवटी सुटला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण त्यातून फक्त उजेड आणि हलणाऱ्या आकृत्या कळायच्या. पांढरकवड्याच्या कचेरीतली नोकरी सुटली. ते दिवसभर पुढच्या खोलीत बसून राहू लागले.

त्याच वर्षी आभाचाही नंबर झपाट्याने वाढला. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी तिला नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या, डोळ्यांत घालायच्या लेन्स दिल्या.

"सुरुवातीला अक्षरांभोवती सावली दिसेल, रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील. बहुतेकांना सवय होते. पण टोचलं, खाजलं, तर लगेच सांगायचं हं," त्या म्हणाल्या. आभाने मान हलवली.

घरी आल्यावर नीळकंठरावांनी लेकीच्या नाकावरून बोट फिरवलं. चष्मा नव्हता. "गेला का वं तो?" म्हणत ते मोठ्याने हसले. स्वयंपाकघरात त्यांची बायको कुंदा हातातलं काम सोडून ऐकत राहिली. पडदा सुटल्यापासून ते हसलेच नव्हते.

मग आभाने काही सांगितलंच नाही. फळ्यावरची ओळ तिला दुहेरी दिसायची. ट्यूशनहून येताना हायवेवरच्या ट्रकांचे दिवे असे पसरायचे, की रस्ता ओलांडताना ती मैत्रिणीचा हात घट्ट धरायची. हिवाळ्यात तपासणी झाली, तेव्हा नंबर जागच्या जागी होता. नीळकंठरावांनी गल्लीत पेढे वाटले. त्यानंतर तर बोलणं आणखीच कठीण झालं.

ऊन तापलं तसे तिचे डोळे कोरडे पडले, खाजू लागले.

"डोळे लाल काहून दिसून राह्यले तुहे?" कुंदाने विचारलं.

"धूळ गेली, आई."

रोज संध्याकाळी ती वडिलांना पेपर वाचून दाखवायची. आता ती फक्त मोठे मथळे वाचायची आणि खालचं मनानेच जोडायची. एका संध्याकाळी ढाणकीच्या बाजाराची बातमी सांगता सांगता ती अडखळली, जुनंच काहीतरी पुन्हा बोलून गेली.

"हे तर तू परवाच वाचलं होतं," नीळकंठराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "बापाले दिसत नाही म्हणून काहीही सांगून राह्यली का?"

आभाच्या हातातला पेपर खाली पडला. "मलेच दिसत नाही, बाबा. अक्षरं एकावर एक चढतात. डोळे नुसते जळतात."

"मंग सांगितलं काहून नाही?"

ती बराच वेळ रडत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही हसले होते."

कुंदाने तिथेच तिच्या लेन्स काढायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आभाची वरची पापणी उलटून पाहिली. आत दाणे उठले होते. "हिच्या डोळ्यांना या लेन्स मानवल्या नाहीत. बंद करू या."

"पण नंबर तर थांबला होता," नीळकंठराव म्हणाले.

"हो. दुसरे उपाय आहेत. रात्री टाकायचे थेंब देते, वेगळ्या काचांचा चष्मा देते. तेवढाच फायदा होईल, असं मात्र सांगता येत नाही."

डोळे बरे झाले. चष्मा परत आला. पावसाळा संपताना तिघं पुन्हा नागपूरला गेले, तेव्हा नंबर वाढलेला होता.

परतीच्या एसटीत आभा वडिलांच्या शेजारी बसली. गाडी शहराबाहेर पडल्यावर तिने विचारलं, "बाबा, मलेही तुमच्यासारखं होईल का?"

मागच्या सीटवर कुंदाने पदर तोंडाशी धरला. 'नाही' म्हणावं म्हणून नीळकंठरावांनी तोंड उघडलं, पण त्यांना ते म्हणता आलं नाही.

"मले माहीत नाही, बेटा," ते म्हणाले. "पण जे होईल ते मले सांगत जाय. मी रडलो तरी सांगत जाय."

"हो," आभा म्हणाली.

ते खरंच रडत होते. आभाने खिडकीची काच ओढून घेतली आणि पांढरकवडा येईपर्यंत त्यांचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली.