मोगरा की बेर

मुलांनो, समजा तुमच्या मैत्रिणीकडे कुरियरने एक खोकं आलं. आतून निघाली मोगऱ्याची चार पानांची काडी. तरी सगळा मजला ती बघायला जमला आणि तुमच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. तुम्हाला कसं वाटेल?

माळशिरसहून जुळे सोलापुरात नव्याने राहायला आलेल्या राजनंदिनीचा जळफळाट झाला. खोकं समोरच्या घरातल्या शिवानीचं होतं.

"मलापण मोगरा पायजे. लई फुलांचा," तिने आईला सांगितलं.

नर्सरीत त्यांच्याबरोबर शिवानीची आजी सावित्रम्माही आली. ती मैंदर्गीची, बोलता बोलता कानडीत शिरायची. राजनंदिनीने कळ्यांनी लगडलेलं रोप उचललं. सावित्रम्माने त्याची काळी पिशवी खालून चाचपली.

"हूव बिडु, बेर नोडु," ती म्हणाली.

बेर? राजनंदिनीला हिंदीच्या पुस्तकातलं बेर आठवलं. बेर म्हणजे बोर. स्वतःच्या नातीला मोगरा, आणि मला काटेरी बोर व्हय? तिने रोप छातीशी घट्ट धरलं.

थोड्याच दिवसांत त्याची पानं पिवळी पडली. शिवानीच्या काडीला मात्र पालवी फुटली, एक कळीही आली.

"तुझं आजारी आहे का गं?" शिवानीने विचारलं.

"तुझी तर दात कोरायची काडी होती की."

शेवटी आईने रोप सावित्रम्माच्या गॅलरीत नेलं. सावित्रम्माने पिशवी फाडली. आत मुळांची गच्च चुंबळ झाली होती.

"हे बघ बेर."

"हे तर मूळ हाय, आजी."

"मग? आमच्याकडं मुळाला बेरच म्हणतात. फुलं सोड, मूळ बघ, असं सांगितलं होतं मी."

"मला वाटलं, तुमी मला बोर घ्यायला सांगताय."

सावित्रम्मा पोट धरून हसली. मुळं हलक्या हाताने मोकळी करून तिने रोप मोठ्या कुंडीत लावलं. "आता कळ्या खुड. सगळं बळ त्याच खातात, मुळांना काही उरत न्हाय."

राजनंदिनीने आपल्या रोपाकडे पाहिलं. शिवानीपेक्षा तिच्याकडे जास्त होत्या त्या फक्त कळ्याच.

सावित्रम्मा पाणी आणायला आत गेली, आईही तिच्यामागे गेली. शेजारच्या कुंडीत शिवानीची एकुलती एक टपोरी कळी होती. राजनंदिनीने ती दोन बोटांत धरली. देठ अगदी नाजूक होता. कुणी बघत नव्हतं.

मग तिने बोटं सोडली, आणि आपल्याच मोगऱ्याच्या कळ्या खुडायला बसली.