खांद्यावरची हाक

कारखान्यात ताईला सगळे ताईच म्हणत. मालक म्हणत, वजनकाट्यावरचे काका म्हणत, आणि ज्यांना बोलता येत नव्हतं ते कानाची पाळी दोन बोटांत धरून जराशी ओढत. त्याचाही अर्थ ताईच. ती खूण तिच्या धाकट्या भावाने लहानपणी काढली होती, तिच्या कानातली मोठी रिंग बघून. पुढे रिंग कुठेतरी हरवली, पण खूण राहिली.

कारखाना हिऱ्यांना पैलू पाडण्याचा. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती, तीत बारा चाकं, प्रत्येक चाकापुढे एक कारागीर, आणि त्या बारांतल्या अकरा जणांना ऐकू येत नव्हतं. मालक ही गोष्ट पाहुण्यांना उपकार केल्यासारखी सांगत. खरी गोष्ट अशी की चाकांच्या त्या घरघरीत ऐकू येणारा माणूस वर्षभरात डोकं धरून बसे आणि दुसरीकडे नोकरी बघे. हे अकरा जण मात्र संध्याकाळपर्यंत मान वर करत नसत. उपकार कुणी कुणावर केले होते ते ताईला चांगलं ठाऊक होतं. पण ती तोंड उघडत नसे, कारण त्या अकरांतला एक तिचा धाकटा होता.

धाकटा त्या खोलीतला सगळ्यांत तरबेज कारागीर. ताई विभागप्रमुख. प्रत्येक खडा तिच्या टेबलावरून जायचा. ती भिंगातून बघायची, जिथे काम बाकी असेल तिथे शाईचा ठिपका ठेवायची आणि खडा परत पाठवायची. धाकट्याच्या खड्यावर ठिपका पडायचा वर्षातून दोन-तीनदा, आणि पडला की स्वारी दिवसभर फुरंगटून बसायची. त्याच्या बोटांना भिंगाची गरजच नव्हती. खड्यावरून बोटाचं टोक फिरवून तो सांगायचा, इथे केसभर बाकी आहे. आणि तिथे केसभर बाकी असायचंच.

त्या खोलीत हाक मारायची एकच रीत होती. पाठीमागून जायचं आणि डाव्या खांद्यावर दोनदा हात टेकवायचा. ही रीत कारखान्यात आली ती ताईच्या घरातून. धाकटा तीन वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. तेव्हा आईने सात वर्षांच्या ताईला समोर बसवून सांगितलं होतं, "हे बघ, आता तो तुला हाक मारेल ती खांद्यावर. तू ओ द्यायची. कंटाळा करायचा नाही." ताईने त्यानंतर पस्तीस वर्षं ओ दिली. अभ्यास टाकून दिली, पाहुण्यांना तसंच बसवून दिली, तापाने फणफणलेली असतानाही दिली.

आणखी एक होतं, ते फक्त त्या दोघांचं. ताईला अंधाराची भीती वाटे. मोठी असून वाटे, आणि धाकट्याला वाटत नसे, याची तिला लहानपणी फार लाज वाटायची. घरातले दिवे गेले की तो चाचपडत तिच्यापाशी यायचा, खांद्यावर दोनदा हात टेकवायचा, मग तिचा हात शोधून तळव्यावर बोटाने एकच अक्षर काढायचा. मी. एवढंच. मग तिच्या जिवात जीव यायचा.

त्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यावर भरदुपारी दरोडा पडला आणि तिथला पहारेकरी जिवानिशी गेला. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. आठवड्याच्या आत त्यांनी कारखान्याच्या सगळ्या खिडक्यांना पोलादी पत्रे ठोकून घेतले, आणि पुढच्या महिन्यात सर्व विभागप्रमुखांना आपल्या खोलीत बोलावून टेबलावर चार खोकी मांडली. प्रत्येकात एक पिस्तूल, कमरेचा पट्टा आणि परवान्याचे कागद. कामावर असेपर्यंत कमरेवरून उतरवायचं नाही, असा हुकूम.

"मला नको, साहेब," ताई म्हणाली.

"अहो, तुमच्यासाठी कुठे आहे? मालासाठी आहे," मालक म्हणाले. "आणि जबरदस्ती अजिबात नाही हं. तुम्हाला नको असेल तर तुमचा विभाग काकांकडे देऊ. ते तयार आहेत."

काका म्हणजे वजनकाट्यावरचे. माणूस वाईट नव्हता. पण वीस वर्षं त्या खोलीत ये-जा करून त्यांना खुणांच्या भाषेतला फक्त चहा येत होता, आणि बहिऱ्या माणसाला काही कळलं नाही की ते तेच वाक्य आवाज चढवून पुन्हा म्हणत. ताईच्या डोळ्यांपुढे काका उभे राहिले, कमरेला पिस्तूल लावलेले, अकरा जणांवर ओरडणारे. तिने मुकाट्याने खोकं उचललं. आपल्या माणसांपाशी हत्यार यायचंच असेल तर ते निदान आपल्या कमरेला असू दे, असा तिचा हिशोब होता. हिशोबात चूक काढावी असं त्या दिवशी तिला काही दिसलं नाही.

शिकवायला एक निवृत्त फौजी आला. आठ दिवस शिकवणी चालली. नेम धरणं, गोळ्या भरणं, अंगठ्याने सुरक्षेचा खटका सरकवणं हे सगळं दोन दिवसांत झालं. उरलेले सहा दिवस फौजी एकच गोष्ट घोटून घेत होता. तो न सांगता पाठीमागून यायचा आणि खांद्याला हात लावायचा. हात लागला की वळायचं, पिस्तूल बाहेर, खटका खाली.

"विचार करायचा नाही," तो म्हणायचा. "विचार केला की गेलात."

"पण आमच्याकडे सगळे असंच बोलावतात," ताई म्हणाली. "हाच खांदा, हाच हात."

फौजी हसला. "मग त्यांची सवय बदला, ताई. तुमची आता बदलायची नाही."

सहाव्या दिवशी फौजीने सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. इतक्या चपळाईने कुणीच वळत नाही, म्हणाला. ताईला त्या कौतुकाचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून घरी जाईपर्यंत ती स्वतःवर चिडून होती.

तिने खरोखरच त्यांची सवय बदलली. आपल्या टेबलावर एक लाल दिवा बसवून घेतला आणि त्याचं बटण खोलीच्या मध्यावर, खांबाला. सगळ्यांना गोळा करून तिने हातांनी समजावलं: माझ्या अंगाला यापुढे कुणी मागून हात लावायचा नाही, बटण दाबायचं. कारागिरांनी तिची थट्टा केली. कानाची पाळी ओढून पुढे बोटांचं पिस्तूल करायचं, अशी नवी ताई त्यांनी तयार केली. धाकटा तेवढा हसला नाही. त्याने विचारलं, "हे जड आहे का?"

"आहे थोडं."

"तू एका बाजूला कलून चालतेस," त्याने हातांनी सांगितलं, आणि तो चाकाकडे वळला.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. लाल दिवा लागायचा, ताई वळायची. धाकटाही बटण दाबू लागला. घरी मात्र पिस्तूल कपाटात कुलपात बंद, आणि खांद्यावरची हाक पूर्वीसारखी.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, वीज गेली. वीज पूर्वीही जायची, पण तेव्हा खिडक्या होत्या. आता पत्रे होते. खोलीत इतका काळोख झाला की ताईला स्वतःचा हात दिसेना. चाकं आपल्या वेगाने फिरत फिरत मंद होत चालली. जनरेटर लागायला दोन मिनिटं लागतात हे तिला माहीत होतं. तेवढ्यात खाली जिन्यात कुणीतरी ओरडलं, आणि लोखंडी दार धाडकन आपटलं. पहारेकरीच होता तो, विजेच्या पेटीकडे धावणारा. पण ते नंतर कळलं. त्या क्षणी ताई उठून दाराकडे तोंड करून उभी राहिली.

लाल दिवा विजेवर चालतो, ही गोष्ट चार महिन्यांत कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. आणि अंधारात हातांची भाषा दिसत नाही. बहिऱ्या माणसापाशी अंधारात एकच भाषा उरते.

तिच्या डाव्या खांद्यावर हात टेकला. दोनदा.

ती वळली होती. पिस्तूल बाहेर आलं होतं, अंगठ्याने खटका सरकवला होता, नळी कुणाच्या तरी छातीला लागली होती. आणि ती ओरडत होती, "कोण? कोण आहे?" अकरा बहिऱ्यांच्या खोलीत ती कोण आहे म्हणून ओरडत होती.

समोरच्या माणसाने अर्थातच ओ दिली नाही. त्याचा हात तिच्या खांद्यावरून हळूहळू खाली आला, कोपरावरून, मनगटावरून. तिला कळलं. तो तिचा तळवा शोधत होता. बोटं तळव्यापाशी आली आणि तिथे लोखंड लागलं. बोटं थांबली, मग नळीवरून पुढे सरकली, नळीच्या तोंडापर्यंत गेली, आणि पुन्हा थांबली. केसभर राहिलेला पैलू ज्यांना कळायचा, त्या बोटांना ते काय आहे हे कळायला काहीच वेळ लागला नाही. हात निघून गेला.

दिवे आले. धाकटा तीन पावलं मागे उभा होता, दोन्ही हात डोक्याच्या वर. तो तिच्याकडे बघत होता आणि काहीही म्हणत नव्हता. म्हणणार कशाने? त्याचं सगळं बोलणं हातांत होतं, आणि हात वर होते.

ताईने खटका परत लावला. तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. पिस्तूल टेबलावर ठेवून तिने हातांनी सांगितलं, चुकले, मला दिसलं नाही, चुकले. त्याने मान डोलावली. हात खाली घेतले आणि चाकावर जाऊन बसला. त्या दिवशी त्याच्या दोन खड्यांना ठिपका ठेवावा लागला आणि तो फुरंगटलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने खोकं मालकांच्या टेबलावर ठेवलं.

"गोळी सुटली का? नाही ना?" मालक म्हणाले. "मग झालं तर. उलट तुमची तयारी किती पक्की आहे ते दिसलं."

"म्हणूनच परत करतेय, साहेब. हाताने मला विचारलंच नाही."

"विभाग काकांकडे जाईल."

"मला बाराव्या चाकावर बसवा," ताई म्हणाली. "काम येतं मला. आणि काकांना मी खुणा शिकवीन."

मालकांनी खांदे उडवले. बाराव्या चाकावरचा, तो एकटा ऐकू येणारा, नुकताच नोकरी सोडून गेला होता, त्यामुळे त्यांचंही काम झालं. ताई धाकट्याच्या शेजारी बसू लागली. काका मन लावून शिकले, हे कबूल केलं पाहिजे. महिन्याभरात त्यांना पाणी, खडा, थांब आणि शाबास येऊ लागलं. पण पिस्तूल त्यांच्या कमरेला होतं, आणि वळायला तेही शिकले होते.

धाकटा ताईशी पूर्वीसारखाच वागत होता. एकत्र यायचा, एकत्र जायचा, तिच्या डब्यातलं उचलून खायचा. फक्त मागून येत नसे. काही सांगायचं असलं की वळसा घालून तिच्या समोर यायचा, उघडे तळवे तिला दिसतील असे धरायचा, आणि ती बघेपर्यंत थांबायचा. घरीसुद्धा. एकदा स्वयंपाकघरात त्याला असं उभं राहिलेलं आईने पाहिलं.

"हा तुला हाक का नाही मारत गं?" तिने विचारलं.

"मारेल," ताई म्हणाली. आईला तिने काही सांगितलं नव्हतं. ती जाणूनबुजून त्याच्याकडे पाठ करून बसू लागली, भांडी घासताना, वाचताना, चाकावर. तिचा खांदा सारखा वाट बघायचा. पस्तीस वर्षांची हाक एका दुपारी गेली, आणि तिच्याच हाताने गेली, हे तिला सहन होत नव्हतं.

दोनेक महिन्यांनी पुन्हा दुपारीच वीज गेली. पुन्हा तोच काळोख, चाकांची मंद होत गेलेली घरघर. ताईने डावा तळवा उघडून चाकापुढच्या टेबलावर ठेवला आणि ती थांबली. तिला आता अंधाराची भीती वाटत नव्हती. तिला फक्त ते अक्षर हवं होतं. शेजारच्या चाकावर धाकटा होता, हातभर अंतरावर. कुणी आलं नाही.

शेवटी तीच सरकली. अंधारात तिने त्याचा खांदा शोधला आणि दोनदा हात टेकवला. तो दचकला, पण हलला नाही. मग तिने त्याचा हात शोधला. टेबलावर नव्हता. मांडीवरही नव्हता. त्याच्या दंडावरून चाचपडत ती वर वर गेली, तेव्हा तो कानाच्याही वर सापडला, ताठ, बोटं पसरलेली. तिने त्या तळव्यावर बोटाने लिहिलं. मी. पुन्हा लिहिलं. मी.

हात खाली आला नाही.

दिवे लागले. काका टेबलापाशी उभे होते, एक हात कमरेवर, घाबरेघुबरे. आणि खोलीभर आपापल्या चाकांपुढे अकरा जण बसले होते, बावीस हात वर धरून. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वीज गेली की हात वर करायचे, हे त्यांचं त्यांनी आपसात ठरवलं होतं. काकांनी कमरेवरचा हात काढून अंगठा वर केला, म्हणजे सगळं ठीक आहे. तेव्हा एकेकाने हात खाली घेतले आणि चाकं पुन्हा सुरू केली.