शंभर हातांची दोरी

दोरीला हार घालायचा नाही, असं धर्मराजनं सकाळपासून चौथ्यांदा सांगितलं आणि चौथ्यांदा कुणी ऐकलं नाही. जयप्रकाशनं एपीएमसी मार्केटातनं येताना झेंडूची अख्खी पाटी आणली होती. शिरवण्याच्या देवळासमोर मांडव पडला होता, मांडवात पांढरा पडदा ताणला होता आणि पडद्यासमोर पाटावर ती काथ्याची जुनी दोरी वेटोळं करून ठेवली होती, सत्यनारायणाला मांडावं तशी.

"उचल ती हितनं," धर्मराज म्हणाला. "भाला पोरगी टाकनार. दोरीचं काय काम हितं?"

"दादा, तुमी टेन्शन घेऊ नका," जयप्रकाश म्हणाला. मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर हुकूम सोडून सोडून त्याचा आवाज कायमचा चढलेला. "पोरगी बावन्न मीटर टाकते, ते कुनी दाखवलं आमाला? ह्या दोरीनं. मान नको तिला?"

धर्मराज खुर्चीत बसला. पंच्याहत्तरीचा माणूस, अंगानं अजून ताठ, पण गेले तीन महिने त्याला जेवण गोड लागत नव्हतं. सून म्हणायची, पित्त झालंय. पित्त असतं तर बरं झालं असतं.

उन्नती त्याच्या धाकट्या भावाची, कमळाकरची नात. कमळाकर जाऊन बारा वर्षं झाली. पोरगी पुण्याला राहून भालाफेक शिकत होती. राज्य स्पर्धेत तिनं पन्नास मीटर वीस सेंटिमीटर भाला टाकला आणि राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट मिळवलं. मग पुण्याच्या मैदानाचं काम निघालं आणि शेवटचे तीन महिने ती घरी येऊन खाडीच्या बांधाखालच्या मोकळ्या खाजण जमिनीत सराव करू लागली. तिचे पुण्याचे प्रशिक्षक बाजीराव सर फोनवरून सांगायचे, ती करायची. अंतर मोजायला टेप घ्यायची होती. तेव्हा तिची आजी, सुमित्राबाई, म्हणाली होती, "टेप कशाला? दादांची दोरी हाय ना. शंभर हात पक्के. अख्ख्या गावाला चालते, तुला चालंल."

दोरी धरून एकदाच मोजलं. जिथं ती संपली तिथून पुढं गवंड्याच्या पट्टीनं हिशेब करून पन्नासची, बावन्नची, पंचावन्नची अशा चुन्याच्या रेघा मारल्या. त्यानंतर दोरीची गरज राहिली नाही, रेघाच बोलायच्या. रेघा मारल्या त्या सकाळी, जुन्या धावेनं टाकून बघायच्या आधीच, पोरीनं सहज म्हणून धाव बदलून पाहिली, पावलं कमी केली, तर भाला बावन्नच्या रेघेपलीकडे पडायला लागला. गेल्या साली तिसरा नंबर एक्कावन्नलाच गेला होता. जुनी धाव तिनं त्याच दिवशी सोडली. आणि गाव येडं व्हायचं ते तिथून झालं. मोबाइलवर ग्रुप निघाला, टीशर्ट छापले, महापेला कामाला जाणाऱ्या पोरांनी आजची रजा टाकली.

हे सगळं धर्मराजच्या डोळ्यांदेखत झालं होतं. त्या दिवशी तो बांधावर उभा होता. टेप आणा, एवढं त्यानं म्हणून पाहिलं. पोरगी हसली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या दोरीपेक्षा टेप खरी?" त्यावर तो बांध उतरून घरी गेला.

कारण ती दोरी शंभर हात नव्हती. चौऱ्याण्णव होती.

पन्नास वर्षांपूर्वी बाप गेला आणि दोघा भावांनी घरामागची जमीन वाटून घ्यायची ठरवली. रीत अशी की धाकट्याचा वाटा दोरीनं मोजायचा आणि उरेल ते थोरल्यानं मुकाट घ्यायचं. खाडीच्या बांधापासून वर चार दोऱ्या कमळाकरच्या. वरच्या अंगाला गोड्या पाण्याची विहीर होती आणि चार दोऱ्या पुऱ्या पडल्या तर ती धाकट्याकडे जाणार होती. वाटणीच्या आदल्या दुपारी धर्मराज माळ्यावर चढला, दोरीच्या मधनं सहा हात कापून काढले आणि पीळ उलगडून जोड असा बसवला की बोटालासुद्धा लागू नये. टोकांना हात लावला नाही, कारण टोकं सगळे बघतात. दुसऱ्या दिवशी पंच मोजायला लागले तेव्हा कमळाकर बांधावर बसून विडी ओढत होता. दादा मोजतोय म्हणजे बघायचं काय, असं म्हणाला तो.

विहीर धर्मराजकडे राहिली. पुढं भाताच्या जमिनी सरकारनं घेतल्या, पण गावठाणाला लागलेला हा तुकडा उरला, आणि विहिरीच्या बाजूनं रस्ता गेला. त्या पट्टीवर आज धर्मराजची चार मजली इमारत उभी आहे. तिच्या मागं, तिच्याच सावलीत, सुमित्राबाईच्या दोन खोल्या. दुपारी तीननंतर तिथं ऊन येत नाही. आणि थोरल्यानं उरलेलं घेतलं म्हणून धर्मराजचं गावात असं नाव झालं की मांडव घालायचा, पाया आखायचा, भांडण मिटवायचं, तर त्याची दोरी हवी. दोरी जाळून टाकावी असं त्याला किती वेळा वाटलं. पण ती गावात सदा कुणाच्या तरी दारी असायची.

दीड वाजता पडद्यावर रांचीचं मैदान दिसू लागलं. मांडवात दीडशे माणूस. ऑक्टोबरचा उकाडा असा की पंखा गरम हवाच ढवळत होता. खाडीकडून ओहोटीचा वास येत होता आणि ठाण्याच्या अंगाला परतीचा पाऊस दाटून बसला होता, पडत नव्हता, नुसता गुरगुरत होता. सुमित्राबाई नऊवारीचा पदर खोचून अगदी पुढं, दोरीच्या पाटाशेजारी बसली होती.

उन्नती दिसली. मांडव उठून उभा राहिला. तिनं धाव घेतली, भाला सुटला, आणि पोरांनी आधीच शिट्ट्या मारल्या.

आकडा आला, एकोणपन्नास दहा.

"पयला हाय," जयप्रकाश म्हणाला. "अंग मोकलं व्हायचंय अजून."

दुसरा अठ्ठेचाळीस सत्तर. तिसरा एकोणपन्नास चाळीस. शिट्ट्या थांबल्या. आठ जणींनाच पुढच्या तीन फेकी मिळतात, आणि उन्नती आठवी होती. पडद्यावर तिचा चेहरा मोठा झाला. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, कुणा दुसऱ्याचा हात असावा तशी. धर्मराजनं मान खाली घातली.

"असं कसं?" कुणीतरी म्हणालं. "हितं बावन्नच्या आत पडत नव्हता भाला."

"तिकडंच कायतरी लोच्या हाय," जयप्रकाश म्हणाला. "आपल्या पोरीला मोजताना मारतात. टेप त्यांची, मानसं त्यांची."

"आपली दोरी खोटी आन त्यांची टेप खरी?" आप्पा म्हणाला. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, त्याच्या घराचा पाया याच दोरीनं आखलेला. "धर्मराजची दोरी हाय ती. उद्या टेप आनून सगल्यांसमोर मोजा, व्हिडिओ काढा आन पाठवा दिल्लीला. कोन खोटं ते बगू."

मांडव एका सुरात हो म्हणाला. दोघंतिघं तर आत्ताच टेप आणायला उठले. गावानं त्याच्या अब्रूसाठी दंड थोपटले होते, आणि त्याला ते थांबवता येत नव्हतं.

चौथ्या फेकीला उन्नतीनं जीव खाऊन धाव घेतली आणि रेषेवर पाय पडला. लाल झेंडा वर झाला. सुमित्राबाईनं पाटाची कड घट्ट धरली.

तेवढ्यात जयप्रकाशचा फोन वाजला. रांचीहून बाजीराव सर होते. त्यानं स्पीकर लावला.

"आरं, काय करून ठेवलंय तुम्ही पोरीचं?" सरांचा साताऱ्याकडचा आवाज फाटलेला होता. "कठड्याशी येऊन रडतीय. म्हणतीय हात गेला माझा, संपलं. मी सांगतोय जुनी धाव घे, तर ऐकत न्हाई. नव्या धावेनं घरी बावन्न टाकलाय म्हणतीय. कशानं मोजलं हुतं?"

"दोरीनं सर. पिढीजात दोरी हाय आमची."

"ती मोजून बघितली हुती का?"

जयप्रकाशला प्रश्नच कळला नाही. "दोरीनं मोजतात सर. दोरी कोन मोजतो?"

मग सर म्हणाले, "हे बघा, दोन फेकी राहिल्यात. दोरी चुकीची असंल तर पोरीचा हात ठीक हाय, फक्त धाव चुकलीय. पण आसंल-नसंल करून तिला पटणार न्हाई. चुकलीय का, आणि किती, मला नक्की आकडा पाहिजे. पाच मिनिटं हायत."

मांडवात कुजबुज झाली. आप्पानं डोकं खाजवलं. "काथ्याची हाय. उन्हापावसानं आटली असंल थोडी," तो म्हणाला, आणि धर्मराजकडे बघितलं, त्यानं हो म्हणावं म्हणून.

इथं सुटायला जागा होती. आटली असेल, एवढं म्हटलं की झालं, कुणाची चूक नाही, कुणाचं पाप नाही. पन्नास वर्षांत एवढी चांगली जागा त्याला कधी मिळाली नव्हती. पण पडद्यावर ती पोरगी कठड्याला डोकं टेकून उभी होती, आणि हात गेला असं समजून ती पुढची धाव घेणार होती. आज हरली असती तर बिघडत नव्हतं. पण त्या हातावरचा तिचा भरवसा गेला तो परत कोण देणार होतं.

"सा हात," धर्मराज म्हणाला.

जयप्रकाशनं वळून पाहिलं. "काय दादा?"

"दोरी सा हात कमी हाय. नऊ फूट. सांग त्यांना." तो खुर्चीतनं पुढं वाकला. "पावनेतीन मीटर धरा. बावन्नची रेघ म्हंजे एकोनपन्नासाच्या थोडं वर. नवी धाव खोटी हाय, जुनी घे म्हनावं. हात बरा हाय म्हनावं तिचा."

"नक्की का?" फोनमधून आलं.

"नक्की."

फोन बंद झाला. पडद्यावर सर कठड्यावरून वाकून हातवारे करताना दिसले, उन्नती मान हलवताना दिसली. मग ती धावपट्टीवर मागं गेली, आतापर्यंतच्या खुणेपेक्षा बरीच मागं. पाचव्या फेकीला पावलं जुळली नाहीत, भाला सत्तेचाळीसला पडला.

सहाव्या फेकीला मात्र पळताना तिचे खांदे मोकळे होते, आणि भाला सुटला तो हवेत रेंगाळला. आकडा यायला वेळ लागला. एक्कावन्न तीस.

मांडव फुटायचा बाकी राहिला. आयुष्यातली सगळ्यात लांब फेक होती तिची. तिसऱ्या नंबरची पोरगी एक्कावन्न बावन्नवर होती, म्हणजे पदक एका वितीनं गेलं, पण आठवीची चौथी आली होती. पोरं नाचत होती, ताशा वाजायला लागला, जयप्रकाश रडत आप्पाच्या गळ्यात पडला. अजून एक फेक मिळाली असती तर, असं जो तो म्हणत होता. दोरीचं तेवढ्यापुरतं कुणाच्या डोक्यात राहिलं नाही. जुनी झाली होती, आटली होती, आप्पानंच सांगितलं होतं की.

फक्त सुमित्राबाई नाचणाऱ्यांकडे बघत नव्हती. तिनं दोरीवरचा हार काढून पाटावर ठेवला होता आणि कोपरापासून बोटापर्यंत हात धरून ती दोरी मोजत होती. ओठ हलत होते. धर्मराजला वाटलं उठून जावं, पण तो तिची बोटं बघत राहिला. पन्नासच्या जवळपास तिची बोटं थांबली. एका जागी पीळ दुहेरी होता. तिनं तो नखानं उलगडून पाहिला, परत दाबून बसवला आणि पुढं मोजत गेली.

चौऱ्याण्णव झाले तेव्हा दोरी संपली.

ती उठून त्याच्या खुर्चीपाशी आली. ताशाचा आवाज एवढा होता की तिला वाकून त्याच्या कानाशी बोलावं लागलं.

"आटलेली दोरी किती आटली, ते न मोजता कुनाला म्हाईत असतंय, दादा?"

धर्मराज पाटावर काढून ठेवलेल्या हाराकडे बघत होता.

"चार दोऱ्या टाकलेल्या तवा. चार सक चोवीस हात." तिनं देवळाच्या कळसावरून दिसणाऱ्या त्याच्या इमारतीकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत. "विहीर आमची होती."

"व्हय," तो म्हणाला. आतापर्यंत ही दोन अक्षरं एवढी जड असतील असं त्याला वाटलं नव्हतं.

"ते बांधावर इडी ओढत बसलेले. मरेपर्यंत म्हनायचे, दादानं उरलंसुरलं घेतलं, आपल्याला भरून दिलं. मी तुमच्या पाया पडायची दर दिवालीला." तिचे डोळे कोरडे होते आणि तेच त्याला सहन होईना.

"सुमित्रे, मी लिहून देतो. जे काय असंल ते."

"मला नका सांगू काय ते." तिनं दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं. "परवा सकाली पोरगी येतेय. गाव तिला वाजवत आननार, आन ती पयली तुमच्या पाया पडायला येनार, कारन तुमी फोनवर बोललात म्हनून ती चौथी आली. तवा तिला सांगा, दोरी कशी कमी झाली. सगल्यांच्या म्होरं सांगा. तवर दोरी माज्याकडं र्‍हाईल."

ती मांडवातून निघाली. वाटेत जयप्रकाशनं तिला पेढा भरवला, तिनं तो खाल्ला. तिच्या मागं पावसाचे पहिले थेंब धुळीत पडायला लागले, आणि पोरं पडदा सोडवायला धावली.

"दादा, उठा, भिजाल," जयप्रकाश ओरडला. "परवाच्या मिरवणुकीला पुडं तुमाला बसवायचंय. गाडी सांगितलीय मी उघडी."

धर्मराज बसून राहिला. परवा म्हणजे मधे एक दिवस होता.