रेम लावलेली ओळ

माझ्या कीबोर्डावरची सर्वांत गुळगुळीत कळ एंटरची नाही, आठाची आहे. तिच्यावरचा अंक अर्धा पुसला आहे आणि अंकावरची बारीक चांदणी तर पार गेली आहे. या चांदणीचा अर्थ 'पुढे काहीही असो'. 'बो' लिहून चांदणी दिली की 'बो'ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली माझ्या पोटातून एकदम उठून उभ्या राहतात. ती कळ झिजवली कुसुमबाईंनी.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. परभणीतल्या, विहिरींचे पाणी मोजणाऱ्या एका कचेरीत माझी उमर गेली. आता माझ्यावर कापड असते. पण अठ्ठ्याऐंशी साली मी खोक्यातून बाहेर आलो, तेव्हा चंद्रभान शिपायाने मला हार घातला आणि नारळ उचलला.

"चंद्रभानदादा, पाणी उडेल! बाहेर फोडा," म्हणत कुसुमबाई माझ्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या.

माझ्यासाठी खोलीत थंड हवेचे यंत्र बसले. "साहेबापरीस ह्याचाच थाट लय हाय," चंद्रभान म्हणाला आणि दुपारचा डबा माझ्याच खोलीत खाऊ लागला.

सुरुवातीला ज्याने त्याने फाइलींना मनाला येईल ते नाव दिले. पाणी, पाणी-एक, नवीन, नवीन-दोन. नावाला माझ्याजवळ आठच अक्षरांची जागा, गोंधळ मात्र पोतेभर. एकदा चारठाण्याची फाइल मागितली, तर मी पूर्ण्याची स्टेशनजवळची विहीर दाखवली. "चारठाण्याला ठेसन कवा झालं?" चंद्रभानने विचारले, आणि सगळी कचेरी हसली.

कुसुमबाई हसल्या आणि कामाला लागल्या. त्या भूगर्भशास्त्र शिकलेल्या. पहिली दोन अक्षरे गावाची, पुढची दोन वस्तीची, मग साल, मग महिना, असा नियम त्यांनी घातला. मग आज्ञांची एक फाइल लिहिली आणि तिचे नाव ठेवले 'लाव'. 'लाव' म्हटले की मी वरून खाली एकेक ओळ वाचायचो, नावे बदलायचो, गावागावाचे कप्पे उघडायचो, आणि प्रत्येक फाइल जिथल्या तिथे. तुम्ही ज्यांना फोल्डर म्हणता, तेच हे कप्पे. पहिल्या दिवशी बाईंच्या हातातला चहा संपायच्या आत मी मोकळा झालो होतो. शेजारच्या जिल्ह्यातले साहेबलोक मला पाहायला आले. काय दिवस होते ते!

फक्त एक ओळ मी दरवेळी ओलांडून जायचो. तिच्या आधी 'रेम' लिहिले होते. 'रेम' म्हणजे ही ओळ करू नकोस, पुढे चल.

ती ओळ बोरी गावातल्या एका वस्तीचे नाव बदलण्याची होती. कुसुमबाई त्याच वस्तीतल्या, त्यांची आई तानुबाई अजून तिथेच राहत होती. वस्तीने आपले नाव भीमनगर ठेवून किती तरी वर्षे झाली होती. कचेरीच्या दप्तरी मात्र जातीवरून पडलेले जुनेच नाव होते, आणि माझ्याकडून तेच छापले जाई. दर महिन्याला तो कागद बाई स्वतःच्या हाताने छपाईयंत्रातून ओढून घेत. नाव बदलायला किशनराव साहेबांचा हुकूम हवा होता.

"तुमचं बरोबर आहे, कुसुमबाई," साहेब म्हणत. "पण दिवस कसे आहेत, बघताय ना? ते काम बघू पुढं."

विद्यापीठाच्या नामांतरावरून अठ्ठ्याहत्तर साली मराठवाड्यात घरे जळली होती आणि तो वाद अजून मिटला नव्हता. कचेरीत तो शब्दच कोणी काढत नसे. बाई 'बरं' म्हणत आणि रेम तशीच ठेवत.

एके दिवशी साहेब माझा छापील कागद आणि सोबत चंद्रभानला घेऊन स्वतः बोरीला गेले. परत आले तेव्हा चंद्रभान हसतच आत शिरला.

"ताई, काय सांगू! साहेब विहिरीच्या काठावर हुभे, अन् कागद वाचून इचारायलेत, ह्या नावाची विहीर कुठंय? तर तुमची माय म्हणती, असली विहीर हितं न्हाई, बाबा. तुमच्या मशीनीत आसंल. जा, तितंच दोरी सोडा!"

"आई असं म्हणाली?" कुसुमबाईंनी तोंडावर पदर धरला. "मग पाणी मोजलं का नाही?"

"भीमनगरची विहीर म्हणल्यावर मायनं सोता दोरी धरली. वर चहा बी पाजला."

"गूळ जरा जास्त होता," दारातून साहेब म्हणाले. तेही हसत होते.

मित्रांनो, मला स्वतःचे मन नाही. तुम्ही जे नाव द्याल तेच मी वर्षानुवर्षे जपतो, आणि हजार वेळा छापतो. म्हणून कशालाही नाव देताना, ते ज्याचे आहे त्याला आधी विचारा.

साहेब माझ्याजवळ येऊन उभे राहिले. बाईंनी 'लाव' उघडली. माझ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ती ओळ आली. व्हरांड्यात चार माणसे कामासाठी थांबली होती. साहेबांनी एकदा तिकडे पाहिले, पण आवाज खाली आणला नाही.

"ती रेम काढा, कुसुमबाई. करा नामांतर."