सात मिलिमीटर आणि एक मूठ

सासूबाई चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवत आल्या होत्या. स्वतः कोणता कपडा घालायचा हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. एकसष्टाव्या वर्षी ती हिंमत सुनेनं केली.

सून डायव्हिंग शिकवायची. तळ्याकाठी तिचं छोटंसं दुकान होतं. पुढच्या खोलीत हवेच्या टाक्या, मागच्या खोलीत दांडीला टांगलेले वेटसूट, म्हणजे गार पाण्यात घालायचे रबरी पोशाख, आणि सगळीकडे ओल्या रबराचा वास. तळ्यात बारा मीटर खाली एक झरा आहे, तिथली वाळू सारखी नाचत असते, हे ती लग्न झाल्यापासून घरी सांगत आली होती. नवरा ऐकून घ्यायचा. त्याला गुडघाभर पाण्यातही घाम फुटायचा. सासूबाईंनी मात्र एक दिवस शिवणयंत्र थांबवून विचारलं, "मला दाखवशील?"

चार महिने त्या पोहण्याच्या तलावात शिकल्या. तिथलं पाणी कोमट होतं. परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाल्या. मग वेटसूट निवडायची वेळ आली आणि दोघींचं वाजलं.

सासूबाईंनी हात घातला तो नेमका सगळ्यात पातळ सुटावर. "हाच. टाके बघ किती सुबक आहेत!"

"आई, हा तीन मिलिमीटरचा आहे. उबदार समुद्रासाठी. आपल्या तळ्यात वर अठरा अंश असतात आणि झऱ्यापाशी अकरा. तुम्हाला सात मिलिमीटरचा लागेल. वर टोपी, हातमोजे."

सुनेनं सातचा सूट खाली उतरवला. तो जवळजवळ स्वतःच्या पायांवर उभा राहिला.

"हा सूट आहे की गादी? मी वाकणार कशी यात?"

"जाड असला की तो तरंगतोही जास्त. म्हणून कमरेला थोडं जास्त शिसं बांधावं लागेल."

"म्हणजे आधी तरंगायचं सामान घालायचं, मग बुडायचं सामान बांधायचं. काय हा उपद्व्याप!"

बरीच हुज्जत झाली आणि शेवटी पाचवर तडजोड झाली. थंडी वाजली की लगेच खूण करायची, या अटीवर.

पहिली बुडी नऊ मिनिटं टिकली. सहा मीटरपर्यंत सगळं छान होतं, त्याखाली जणू फ्रीजचं दार उघडलं. सासूबाईंनी दंड चोळून खूण केली, आणि दोघी सावकाश वर आल्या. काठावर मुलानं आईला टॉवेलात गुंडाळलं. सासूबाईंचे ओठ निळे पडले होते, पण तोंड सुरूच होतं.

"अगं, खाली गेल्यावर सूट पातळ झाला! मी चिमटीत धरून पाहिलं."

"होतोच. त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात, ते पाण्याच्या दाबानं चेपतात. पाचचा सूट खाली पाचचा राहत नाही."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही टाके बघत होतात." मग सून गंभीर झाली. "पण चूक माझीच आहे, आई. शिक्षिका म्हणून नाही म्हणायला हवं होतं. मी सून म्हणून हो म्हटलं."

सासूबाईंनी तिच्या पाठीवर ओल्या हातानं थोपटलं. "चल, आता गादी आण."

पुढच्या रविवारी गादी चढवायला दोघी आणि मुलगा असे तिघं लागले. या वेळी सुनेनं आधी कमरेएवढ्या पाण्यात, मग गळ्याएवढ्या पाण्यात पोहून बघायला लावलं. पाचच मिनिटांत सासूबाई उभ्या राहिल्या.

"पाठीत गार पाणी घुसतंय. एक हात मारला की एक तांब्या."

सून गोंधळली. सात मिलिमीटर, काठावरचं पाणी, तरी थंडी? सासूबाईंनी हात मागे नेला आणि कमरेच्या वरची खोलगट जागा दाबली.

"ही बघ, मूठ जातेय. हा कुणा उंच माणसाच्या मापाचा आहे. आत शिरलेलं पाणी अंगानं गरम होतं म्हणतेस ना? मग ते आत राहायला तर हवं! इथे त्याचा पंप झालाय."

"छातीचं माप बरोबर होतं," सून पुटपुटली. "पाठ मी पाहिलीच नाही."

"जाडी तुझी बरोबर, माप माझं. कात्री कुठाय?"

दुकानातल्या नव्याकोऱ्या सुटावर कात्री चालवायची म्हणजे सुनेच्या काळजाचं पाणी झालं. पण तिनं कात्री दिली. सासूबाईंनी खडूनं खुणा केल्या आणि पाठीतून दोन निमुळत्या पट्ट्या कापल्या. सुनेनं दुरुस्तीचा गोंद कडांना लावला, तो चिकट होईतो वाळू दिला आणि कडा जुळवल्या. मग सासूबाईंनी बाकदार सुईनं शिवण घातली. सुई अर्ध्या जाडीतूनच फिरवायची, आरपार नाही, म्हणजे भोक पडत नाही आणि पाणी झिरपत नाही. हे सुनेनं एकदाच सांगितलं. दुसऱ्या टाक्यापासून सासूबाईच तिला शिकवू लागल्या.

गोंद पक्का व्हायला दोन दिवस लागले. बुधवारी सकाळी त्या पुन्हा गळ्याएवढ्या पाण्यात पोहल्या. पाठ कोरडी नव्हती, पण गारही नव्हती. "आता चल," त्या म्हणाल्या.

सहा मीटरवर थंडी आली आणि फक्त गालांना चाटून गेली. आठ, दहा, बारा. सुनेनं बोट दाखवलं. करड्या तळावर घंगाळाएवढी एक जागा होती आणि तिथली पांढरी वाळू उसळत होती. वर यायची, फुलासारखी उमलायची, पसरून खाली बसायची, की पुन्हा वर. सासूबाईंनी हातमोज्याचा पंजा त्यात धरला. वाळूनं तो अलगद वर ढकलला. त्यांनी तो पुन्हा खाली नेला, वाळूनं पुन्हा ढकलला. मग त्या चक्क हसल्या. तोंडातल्या नळीतून बुडबुड्यांचा एक मोठा लोट सुटला आणि मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं. त्यांनी शिकवल्याप्रमाणे ते नाकानं फुंकून काढलं आणि परत वाळूकडे वळल्या. सुनेनं तीनदा टाकीतल्या हवेचा काटा तपासला, तीनदा खुणेनं थंडी विचारली. तीनदा अंगठा आणि बोट जुळवून उत्तर आलं, ठीक आहे.

सव्वीस मिनिटांनी त्या वर आल्या. ओठ गुलाबी होते.

"पाहिलंस ना तू ते?" त्यांनी सुनेलाच विचारलं.

"पाहिलं, आई."

"तुला इतकी वर्षं सांगता कसं आलं नाही नीट? नुसतं 'नाचते' म्हणायचीस!"

आता सूट काढायचा होता. पाठ इतकी चपखल बसली होती की तो खांद्यावरून उतरेना. सासूबाई गवतावर बसल्या, सुनेनं बाही ओढली, मुलानं पाय धरले. "ओढ! अजून ओढ!" बाही अचानक सुटली आणि सून मागच्या मागे गवतात आडवी झाली. सासूबाई तिच्या अंगावर, एक हात अजून रबरात, आणि मुलगा दोन्ही पायांच्या कात्रीत. तिघंही इतके हसले की बराच वेळ कुणाला उठता येईना.