चवळीच्या वाफ्यावरचा स्टाफ

आप्पांनी चौतीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली होती. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: वस्तू घेतली की परत जागेवर ठेवणारी आणि न ठेवणारी. विहीणबाई कुठल्या खान्यात टाकायच्या, हे मात्र दोन वर्षं एका घरात राहूनही त्यांचं ठरत नव्हतं.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. हॉस्पिटलात वॉर्डच्या सिस्टर होत्या. निवृत्त झाल्या, एकट्या पडल्या, तेव्हा लेकीनं हट्टानं आपल्याकडे आणलं. आल्या त्या एक बॅग आणि एक खुरपं घेऊन. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "लेकीच्या घरी बसून खाणं मला जमायचं नाही. मागची जागा मला द्या." मागच्या जागेत तेव्हा विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि एक फुटका कमोड होता. आप्पांनी मनात नोंद केली: महिनाभराचा उत्साह. ती नोंद पुढे त्यांना स्वतःच्या हातानं खोडावी लागली.

आता तिथे भेंडी होती, वांगी होती, मांडवावर कारली आणि दोडके लोंबत होते आणि भिंतीलगत दोऱ्यांवर चढवलेल्या चवळीचा लांबलचक वाफा होता. विहीणबाई साडेपाचला राउंड घ्यायच्या. शब्द त्यांचाच. भेंडीचं पान उलटं करून खालची बाजू बघायची, वांग्याचा शेंडा मान टाकून बसला असेल तर तो आतल्या अळीसकट कापायचा, किडलेलं फळ जमिनीवर राहू द्यायचं नाही. कारल्याच्या प्रत्येक कोवळ्या फळाला त्यांनी जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवून घातली होती, म्हणजे फळमाशीला डंख मारायला जागाच नको. चाळीस कारली चाळीस झबली घालून लटकत होती. आप्पा म्हणाले, "बारसं कधी आहे?" विहीणबाई म्हणाल्या, "वजन भरलं की. तुम्ही नावं काढून ठेवा."

फवारायचं औषध त्या सहसा काढत नसत. "आधी स्वच्छता, मग लक्ष, मग हात. औषध सगळ्यात शेवटी. वॉर्डात मी डॉक्टरांनाही हेच सांगायचे."

"मग डॉक्टर काय म्हणायचे?"

"काय म्हणतील? सिस्टर मी होते."

सगळं ठीक चाललं होतं, तेवढ्यात आप्पांच्या मुलानं गाडी घेतली. रस्त्यावर उभी करून तिला दोन ओरखडे पडले, तेव्हा त्याची नजर मागच्या अंगणाकडे वळली. फरशी टाकली तर गाडी आत येईल. सासूबाईंना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तो जेवताना भाताकडे बघून म्हणाला, "भाजी काय, बाजारातही मिळते."

"मिळते ना," विहीणबाई म्हणाल्या. "उन्हाळ्याचे साठ दिवस बाजारातल्या भाजीची एकही पिशवी या उंबऱ्याच्या आत आली नाही, तर बाग राहील. एक जरी आली, तर तुमची फरशी. चालेल?"

मुलाला हा सौदा फारच सोपा वाटला. भर उन्हाळ्यात परसातल्या भाजीवर चार माणसं साठ दिवस? तो हो म्हणाला. विहीणबाईंनी ताट उचलता उचलता पुढचं सांगितलं, "फरशी झाली तर मी बहिणीकडे जाईन. रुसून नाही हं. हाताला काम नसलं की मला झोप लागत नाही." सुनेचा घास हातातच राहिला. पंच म्हणून आप्पांना नेमलं, कारण मोजण्याच्या बाबतीत ते सख्ख्या मुलाची भीड ठेवणार नाहीत, हे दोन्ही पक्षांना माहीत होतं.

अडतीस दिवस नीट गेले. आप्पांच्या वहीत रोज काय निघालं ते उतरत होतं: भेंड्या बेचाळीस, दोडके तीन, वांगी सात पैकी किडकी एक. वांगी आता थकली होती, दोडक्याचा बहर ओसरला होता. शेवटच्या पंधरा दिवसांची मदार चवळीवर होती, आणि चवळी फुलून आली होती. पंच असूनही आप्पा हल्ली सकाळी चहाचा कप घेऊन राउंडच्या मागे मागे फिरत. निःपक्षपातीपणे, असं त्यांचं म्हणणं.

एकोणचाळिसाव्या दिवशी विहीणबाईंना जुन्या मैत्रिणीच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस जावं लागलं. जाताना त्यांनी आप्पांना डबा दाखवला. "यात साबणाचं पाणी आहे. अळ्या दिसल्या की वेचून यात टाकायच्या. जमेल ना?"

"बाई, पाच हजार आयटमचं स्टोअर सांभाळलंय मी."

आप्पा हातात घेतलेलं काम अर्धवट सोडत नसत. वांग्यावर त्यांना दोन अळ्या मिळाल्या. मन भरेना. मग ते चवळीकडे वळले. तिथे शेंड्यांवर मोहरी सांडावी तसा बारीक काळा मावा, म्हणजे रस शोषणारी कीड, चिकटून होता आणि त्या माव्यातून काळ्या, खरबरीत, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या तुरुतुरु पळत होत्या. मगरीची पिल्लं शोभावीत अशा. आप्पांनी चष्मा पुसला. हिशेब सरळ होता: मावा बिचारा बसून आहे, ह्या पळतायत, ज्याच्या अंगात एवढा दम, तोच पीक खात असणार. दोन दिवस दोन्ही वेळा त्यांनी पानन् पान तपासलं. मेलेला माल काचेच्या बरणीत भरला आणि वर चिठ्ठी डकवली: अळ्या, चवळी वाफा, नग १६३.

विहीणबाई परत आल्या तेव्हा बरणी ओट्यावर दिसेल अशी मांडून आप्पा पेपर वाचत बसले होते. विहीणबाईंनी बरणी उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"व्याहीबुवा, तो लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा गोल किडा माहीत आहे तुम्हाला? ढालकिडा?"

"हो. लहानपणी तळहातावर घेऊन उडवायचो."

"त्याची पोरं आहेत ही. एकेक जण दिवसाला ढीगभर मावा खातो." त्यांनी बरणी हळूच खाली ठेवली. "हा माझा स्टाफ होता."

आप्पांच्या हातातला पेपर आपोआप मिटला. स्टोअरमध्ये चौतीस वर्षांत त्यांच्याकडून एक वॉशर इकडचा तिकडे झाला नव्हता. ते म्हणाले, "मी सांगतो मुलाला. चूक माझी आहे."

"काही सांगू नका. अळ्या वेचा म्हटलं, कोणत्या ते सांगितलं नाही. नवीन माणसाच्या हातात वॉर्ड देताना नीट सांगायचं असतं. हँडओव्हर माझा कच्चा."

रागावल्या असत्या तर आप्पांना बरं वाटलं असतं.

पाचच दिवसांत मावा चढला. शेंडे आखडले, पानं चिकट झाली, फुलं गळायला लागली. मुंग्यांच्या रांगा दोऱ्यांवरून वर जायला लागल्या. विहीणबाई रोज पाण्याचा झोत मारत, साबणाचं पाणी शिंपडत, फार बिघडलेले शेंडे कापून टाकत. आज धुतलं की परवा तेवढंच. आप्पा चाचरत म्हणाले, "एकदा जहाल औषध मारूया का?"

"मारलं तर उरलेसुरले ढालकिडेही जातील. आणि पुढे कितीतरी दिवस शेंग तोंडात घालता येणार नाही. मग खायचं काय?"

खायचे वांधे झालेच होते. ताटात एक दिवस दोडक्याच्या साली आल्या, दुसऱ्या दिवशी कुंपणावर आपोआप उगवलेल्या भोपळ्याचा पाला.

"हे काय आहे?" मुलानं विचारलं.

"भाजी," विहीणबाई म्हणाल्या.

"हा पाला आहे, आई."

"पालेभाजी."

मुलानं वडिलांकडे दाद मागितल्यासारखं पाहिलं. पंचांनी दुसऱ्यांदा पाला वाढून घेतला.

त्या रात्री आप्पांना एक गोष्ट सुचली, आणि सुचली ती स्टोअरच्याच पद्धतीनं. एखादा आयटम संपला की दुसरा कुठे पडून आहे ते शोधायचं. जिथे मावा तिथे ढालकिडे. मावा कुठे? जिथे कोणी फवारत नाही, कोणी वेचत नाही, कोणी बघतसुद्धा नाही तिथे. अशी जागा त्यांना नेमकी माहीत होती: कारखान्याचं भंगार आवार.

गेटवरच्या वॉचमननं त्यांना ओळखलं. "काय विसरलात, साहेब?"

"किडे न्यायला आलोय."

वॉचमननं एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि गेट उघडलं. निवृत्त माणसांविषयी त्याची काही ठाम मतं होती. पण अर्ध्या तासानं तोही गंजलेल्या पाइपांमधल्या रानटी झुडपांत वाकला होता आणि "इथे दोन आहेत, साहेब, इथे एक पिल्लू" असं ओरडून सांगत होता. आप्पा रंगाच्या मऊ ब्रशनं एकेकाला उचलून झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यांत ठेवत होते. दुपारी एकला त्यांनी मोजणी थांबवली. मोठे एकेचाळीस, पोरं सत्तावीस.

विहीणबाईंनी डबा उघडून पाहिला. आप्पा समोर उभे होते. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, कोपराला खरचटलेलं. विहीणबाईंनी आधी कोपराला औषध लावलं. मग म्हणाल्या, "आत्ता सोडायचे नाहीत, उन्हात उडून जातील. संध्याकाळी पानं ओली करून सोडू. पण मुंग्यांचं काय करायचं? माव्याचा गोड चिकटा खायला मिळतो म्हणून त्या माव्याची राखण करतात. आपल्या पोरांना चावून हाकलतील."

आप्पांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "मुंगीला ग्रीस ओलांडता येत नाही. ग्रीसचं माझ्यावर सोडा."

"बुंध्याला थेट नको. झाड जळेल."

"आधी कागद, मग ग्रीस. बाई, मला कळतं."

प्रत्येक बुंध्याला कागदाचा पट्टा आणि त्यावर बोटभर ग्रीस, दोऱ्यांच्या खालच्या टोकांनाही ग्रीस, असा वाफा दिवस मावळेपर्यंत तयार झाला. मग ओल्या पानांवर डबे उघडले. आप्पा बघत होते. विहीणबाई ब्रश असा टेकवत होत्या, की किडा स्वतःहून पानावर उतरत होता. घाई नाही, ढकलाढकल नाही. आप्पांनी आयुष्यात चांगले हात ओळखले होते: एक फिटर होता, एक वेल्डर होता. तिसरे हात आज मिळाले.

सत्तावन्नाव्या दिवशी मुलगा दुपारी घरी आला तो हातात भरगच्च पिशवी घेऊन. संध्याकाळी त्याचे साहेब बायकोसह जेवायला येणार होते. आप्पा दारातच उभे राहिले.

"पिशवी बाहेर."

"आप्पा, साहेबांना पाला घालू? आठ दिवस मी साली खातोय, मी काही बोललो?"

आतून विहीणबाई आल्या. त्यांनी पिशवी पाहिली, जावयाचा चेहरा पाहिला. "येऊ द्या आत. माझ्या हट्टापायी पाहुण्यांसमोर यांची मान खाली नको."

सून त्यांच्यामागे उभी होती. तिनं डोळ्यांना पदर लावला नाही, पण भिंत धरली.

"पंच मी आहे," आप्पा म्हणाले. "पिशवी पायरीवर ठेव आणि ऐक. चवळी बसली ती यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे. हिचं रक्षण करणारे एकशे त्रेसष्ट किडे मी या हातांनी मारले. चिठ्ठी लावून बरणीत ठेवलेत, बघायचे तर बघ. यांनी शब्दानं कोणाला सांगितलं नाही. आता मला पाव तास दे."

मुलगा बरणी बघायला गेला नाही. वडील स्वतःची चूक सांगतायत, हेच तो पहिल्यांदा बघत होता. त्यानं पिशवी पायरीवर ठेवली.

चवळीच्या तोडणीला दोन दिवस सुट्टी होती. शेंगा भरू द्या, असं विहीणबाईंनीच सांगितलं होतं. वरची पानं अजून डागाळलेली होती, म्हणून लांबून वाफा आजारीच दिसे. आप्पांनी खालच्या पानांत हात घातला. मावा बोटाला लागलाच नाही. नुसती त्याची पांढरी सालपटं. विहीणबाईंनी पलीकडून वेल उचलून धरला. आत कोवळ्या, हिरव्या शेंगा जोडीजोडीनं लोंबत होत्या.

दोघंही तोडत सुटले. एक टोपली भरली, मग आप्पांनी डोक्यावरची टोपी पुढे केली. शिवाय आत्ता कुठे वजन भरलेली, झबली उतरवलेली चौदा कारली आणि शेंड्यावरच्या भेंड्या.

मुलानं टोपलीकडे पाहिलं, मग टोपीकडे. "पण साहेबांच्या ताटात टोपीतल्या शेंगा नकोत," एवढंच म्हणाला. बाजारातली पिशवी आप्पांनी त्याच संध्याकाळी वॉचमनच्या घरी पोचवली.

साठ दिवस झाले. फरशीवाल्याला नको म्हणून कळवलं. मग विहीणबाईंनी जावयाला मागे नेलं आणि फाटकाजवळचा पश्चिमेचा लांब पट्टा दाखवला. "इथे भिंतीची सावली पडते आणि खाली सगळा राडारोडा आहे. दोन वर्षांत एक पान उगवलं नाही. गाडी बसेल का?"

मुलानं पावलं टाकून मोजलं. गाडी बसत होती, आरसे मिटवून. आप्पा बघत राहिले. म्हणजे ही जागा या बाईनं पहिल्या दिवसापासून राखून ठेवली होती.

"हे आधीच का नाही सांगितलंत?" त्यांनी नंतर विचारलं.

"आधी सांगितलं असतं, तर त्यांनी बाकीचंही मागितलं असतं."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला आप्पा चहाशिवाय, साबणपाण्याचा डबा घेऊन बागेत हजर होते. विहीणबाईंनी चवळीच्या शेंड्यावरून काहीतरी बोटावर घेतलं आणि त्यांच्या चष्म्यासमोर धरलं. काळं, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांचं.

"हा कोण?"

आप्पांनी चष्मा पुसून, पूर्ण वेळ घेऊन पाहिलं.

"स्टाफ."

"मग वांग्यापासून सुरू करा," विहीणबाई म्हणाल्या आणि त्याला परत पानावर ठेवलं. जिथून उचलला होता त्याच पानावर, हे आप्पांनी पाहून घेतलं.