टू डी

श्रीवर्धनला आमच्या मैदानाला लागूनच सुपारीची वाडी आहे. चेंडू वाडीत गेला की पळायचं नाही, दोन रन डिक्लेअर. त्याला आम्ही टू डी म्हणतो. बायकांच्या लीगचा डेटाबेस मी केला, तेव्हा त्या रकान्याचं नावही 2D असंच ठेवलं. रकान्याचं नाव आकड्याने सुरू करू नये, असं कॉलेजात सरांनी बजावलं होतं. पण सरांच्या मैदानाला वाडी कुठे होती?

मोसम संपल्यावर रनांची बेरीज करायला चार ओळींचा कोड लिहिला. वरच्या अकरा जणी अलिबागला खेळणार, बारावी राखीव. मी अकरावी आले. अम्मीला उचलून गरागरा फिरवायचंच तेवढं बाकी ठेवलं. यादी ग्रुपवर टाकली, म्हटलं कुणाची तक्रार असेल तर सांगा. संध्याकाळी, असरच्या अजानच्या आत ती आमच्या कोच फिरोजाआपांना पाठवायची होती.

तक्रार घेऊन चुलतबहीण इनशा थेट घरीच आली.

"गो माही, मी बारावी कशी? माझे रन खाल्लेस व्हय?"

"कॉम्प्युटरनं मोजलेत. त्याचं तुझ्याशी काय वैर न्हाय."

"मी डावरी हाय. माझा निम्मा खेळ वाडीत जातो. ते धरलेस का?"

तिचं तोंड बंद करावं म्हणून मी टू डीचा रकाना काढून दाखवला. इनशा, दोन. मी, दोन. सगळ्याच जणी, दोन. पाय मोडून मोसमभर घरी बसलेल्या अमिषालाही दोन.

चूक माझीच. असलं नाव कोडमध्ये दुहेरी अवतरणात घालावं लागतं. मी ते उघडंच सोडलं होतं, म्हणून कॉम्प्युटरने वाचलं, आकडा दोन आणि त्याचं नाव डी. रकान्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मेल्याने एरर तरी द्यायची. आणि टू डीचे दोनच मिळतात, त्यामुळे मलाही काही खटकलं नाही.

अवतरणचिन्हं घालून पुन्हा चालवलं. वाडीतले रन, इनशा चौदा. मी, म्हणजे माहीन, शून्य. वाडीच्या बाजूला मला कधी मारताच आलेलं नाही. नव्या यादीत इनशा अकरावी होती आणि मी बारावी.

इनशा माझ्या खांद्यावरून बघत होती.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "पहिलीच पाठव. कोण बघतंय?"

मला तिचा भयंकर राग आला. भांडली असती तर सोपं गेलं असतं. मला अलिबागला खेळायचं होतं, फार खेळायचं होतं, आणि आता ही बया माझ्याशी चांगलं वागत होती.

मी नवी यादी पाठवून दिली.

"माही, रडतेस काय?"

"गप बस," मी नाक पुसत म्हटलं. "बारावीला पाणी आणून द्यावं लागतं ना? तुला गरमच मिळेल."